गळ्यातला पेनड्राइव्ह

मोखाड्यात कुणाचा कंप्युटर अडला की दुरुस्तीवाल्या काकांनाच बोलावतात. गळ्यात काळ्या दोऱ्याला पेनड्राइव्ह. आल्या आल्या मशीनला उलटा हात लावून ताप बघतात आणि म्हणतात, "काय नाय होत." स्क्रीन चालवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून घ्या म्हटलं की हसतात. "इथं नेट कधी येल, कधी जाल! यातला टाकू. आख्ख्या तालुक्यात हाच चाललाय." तो त्यांनी कुठून आणला, कुणी विचारत नाही.

परवा माझ्या फोटो स्टुडिओतल्या कंप्युटरचा स्क्रीन सारखा काळा पडू लागला. ते आले, गळ्यातला दोरा काढून पेनड्राइव्ह लावायला वाकले. मी अडवणार, तेवढ्यात स्क्रीन उजळला. समोर फोटोत त्यांचीच मुलगी, हळदीने माखलेली.

हात तिथेच थांबला.

"हे फोटो दुसरीकडं ठेवलेत का?"

"नाही. कॅमेऱ्याचं कार्डही पुसलंय."

त्यांनी दोरा परत गळ्यात घातला आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या आत सारला.

"आधी हे दुसरीकडं उतरवून घे. मग कंपनीच्या साईटवरनंच घेऊ. नेट येईपर्यंत मी थांबतो."

ते स्टुलावर बसून राहिले. माझ्याकडे बघेनात. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बघत होतो. सकाळी तिथल्या कंप्युटरला त्यांनी हाच पेनड्राइव्ह लावला होता, आणि म्हणाले होते, "काय नाय होत."