रहीमभाईंचं पालथं ताट

बोरी अरबहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं यवतमाळच्या स्टँडवर मला खिडकीतूनच सांगितलं, "मास्तर, तुमचे स्टोवाले रहीमभाई गेले." मी पिशवी धरून उभाच राहिलो... आणि मनात पहिलं काय यावं? आता वॉल्टरला कोण कळवणार!

वॉल्टर हा अमेरिकेतला न्हावी. आमच्यापैकी कोणीच त्याला पाहिलेलं नाही. बियाण्यांची माहिती द्यायला बोरीला आलेल्या, त्याच्याच गावच्या एमीबाईंचा स्टो रहीमभाईंनी एकदा दुरुस्त केला. बाई मायदेशी गेल्यावर रहीमभाईंना पत्रं लिहू लागल्या, आणि बोरीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा मी त्या पत्रांचा वाचक झालो. वाचक कसला, नटच! दुकानापुढच्या खोक्यावर चढून मी बाईंचं गाव करून दाखवी. एकच रस्ता, दिवस मावळायच्या आत मिटणारी दुकानं, न थांबणाऱ्या गाडीला रोज टोपी हलवणारा म्हातारा. बाजाराला आलेली माणसं त्या म्हाताऱ्याची खुशाली विचारत.

मग वॉल्टरची बायको वारल्याचं पत्र आलं. मी हुंदकासुद्धा देऊन दाखवला. रहीमभाईंचा हात पंपावरच थांबला. "मंग त्याले भाकर कोन देऊन राह्यलं?" आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात. तिकडे अशी रीत नसेल, हे त्यांना पटेचना. तोच प्रश्न त्यांनी मला लिहायला लावला. एमीबाईंनी तो वॉल्टरच्याच दुकानात मोठ्यानं वाचला. बसलेली माणसं खाली बघू लागली म्हणे, आणि त्या आठवड्यापासून कोणी ना कोणी ताट घेऊन त्याच्यासोबत जेवायला जाऊ लागलं.

पुढं खुद्द वॉल्टरचं पत्र आलं. तुम्ही कोणाबरोबर जेवता, असं त्यानं विचारलं होतं. रहीमभाईंनी बर्नर पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लिवा, एकटाच जेवतो. बायको गेली त्याले सहा वर्सं झाली. पयले लोक येत, आता कोनी येत नाही."

मला ते फारच उदास वाटलं. परदेशात आपल्या गावाची काय शोभा राहील! मी लिहिलं, आमच्याकडे रोज पंगत बसते, हसता हसता जेवण थंड होतं. रहीमभाईंना वाचून दाखवताना मात्र त्यांचंच वाक्य वाचलं.

वॉल्टरचं उत्तर आलं, त्यात पंगतीचं कौतुक. ते मी गाळलं. "मी एकटा जेवतो म्हटलं, त्याच्यावर त्यानं काहीच नाही लिवलं?" त्यांनी विचारलं. तिकडची माणसं लाजाळू असतात, असं मी सांगितलं. मी दोन गल्ल्या सोडून राहत होतो. बदली होऊन यवतमाळला येईपर्यंत एकदाही त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही.

बातमी कळली तसाच मी बोरीला गेलो. माती दिल्यावर शेजारीण रिवाजाप्रमाणे जेवण घेऊन आली आणि दारातच थबकली. घरात ते द्यायचं कोणाला? आत निळ्या काठाची दोन ताटं होती. एक वापरातलं, दुसरं धुऊन पालथं घातलेलं. "ते वॉल्टरचं म्हनत," ती म्हणाली. "आला तं असावं."

ते ताट मी घरी आणलं. काल दुपारी वॉल्टरला पत्र लिहिलं. रहीमभाई गेल्याचं कळवलं, आणि खाली त्यांचं वाक्य, जसंच्या तसं, सहा वर्षांसकट. मग सवयीनं वाचून दाखवायला मान वर केली... समोर पालथं ताट होतं.