न चढणारी गाडी

माझा मोठा भाऊ बद्रीनाथ, आमचा बद्रीदादा, यानं आयुष्यात सायकल आणि बैलगाडी सोडून दुसरं काही चालवलं नव्हतं. असा माणूस आठ-नऊ महिने डोंगर चढणारी गाडी निवडत फिरला. लोक हसले. एकदा मीही हसले. देवपूजा झाली की रोज मी वहीत चार ओळी लिहिते, पण दादाचं हे चार ओळींत कधी मावलं नाही, म्हणून आज बसले आहे.

आधी वाट सांगते. आमची माहेरची वस्ती सोयगावच्या वर, डोंगराच्या कुशीत. डांबरी रस्ता फाट्यावर संपतो. पुढं गोट्यांचा ओढा, मग मुरमाची चढण आणि चढणीच्या माथ्यावर खिंड. बैलगाडी आली की माणसानं अंग चोरून कडेला उभं राहावं, इतकी ती अरुंद. खिंडीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आहे. अवसेला म्हसोबाच्या पुढं चाक न्यायचं नाही, असा आमच्या वस्तीचा नेम. त्या दिवशी बैल दावणीला राहतात, गाडी सुटलेली राहते, माणसं पायी जातात-येतात. लहानपणापासून मी हेच पाहिलं आणि त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

मनकर्णावहिनी, म्हणजे दादाची बायको, दिव्याच्या अवसेला गेली. मी इकडं औरंगाबादेत, आताच्या संभाजीनगरात. पितळेचे दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे वाफेवर होते, तेवढ्यात फोन आला. सकाळी चुलीपुढं वहिनीच्या छातीत कळ आली होती. वस्तीवर फोनला रेंज नाही. दादा फाट्यापर्यंत पळत गेला. तिथं सांडूची जीप उभी होती. हा सांडू फाट्यावरून सोयगावला सवाऱ्या नेतो, दादाच्याच वयाचा आहे. दादानं त्याला फाट्यावरच थांबवलं, परत वर गेला आणि चौघांनी मिळून वहिनीला बाजेवर घालून खाली आणलं. खिंडीतून, मुरमावरून, ओढ्यातून. जीपमध्ये ठेवली तेव्हा श्वास चालू होता. सोयगावची घरं दिसायला लागली तेव्हा नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

संध्याकाळी सोयगावहून मी सांडूच्याच जीपमधून फाट्यापर्यंत गेले. पुलाजवळ चिखल होता. सांडूनं पायापाशी असलेला दुसरा दांडा ओढला आणि चारी चाकांनी जीप बाहेर निघाली.

दहाव्याला एका पाहुण्यानं विचारलंच, "जीप वरपर्यंत का नाय नेली, बद्रीनाथ?"

दादा म्हणाला, "चढली नसती. त्या खिंडीत कोणतीच गाडी चढत नाय."

सांडू तिथंच बसला होता. त्यानं मान खाली घातली. विषय संपला. सगळ्यांना ते पटलं, मलाही.

दिवाळी झाली आणि दादा खांद्याला थैली अडकवून आमच्या दारात उभा राहिला. चहाही पूर्ण घेतला नाही.

"वच्छे, तुमच्या त्या शफीकभाईला विचार. आपला डोंगर चढंल अशी गाडी असती का जगात?"

शफीकभाई म्हणजे आमच्या ह्यांचे जुने मित्र. रोशन गेटजवळ त्यांचं गॅरेज आहे, जुन्या गाड्या घेतात, दुरुस्त करून विकतात. मला वाटलं, वहिनीचं झालं ते वस्तीवर दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून दादा गाडी घेतोय. मला इतका अभिमान वाटला की एकादशीला देवळात बायकांना सांगूनही टाकलं.

शफीकभाईंनी दादाला स्टुलावर बसवलं.

"बद्रीभाई, पहले ये बताओ, पहाड पे शादी है क्या?"

"नाय."

"मग ही बाहेर उभी आहे ना, काळी, मोठी, तिच्याकडं बघू पण नका. एसी, गाने, पीछे कॅमेरा, सब बारात का सामान. पहाड को ताकत कम, पकड जादा लागते. गाडी हल्की पाहिजे. पोट जमिनीपासून वर पाहिजे. लांबी कमी, नाहीतर खिंडीत वळणार कशी? आणि चारों पहिये खींचने चाहिए. एक लो गिअर. बस."

"आणि ती काळी? ती चढंल का?"

"मी काय म्हणालो आत्ता?"

"नाय, पण नेऊन बघू की एकदा."

शफीकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "भाभी, तुमचा भाऊ गिऱ्हाईक आहे की इन्स्पेक्टर?"

पण नेली. शफीकभाईंना दादाचं दुःख माहीत होतं, म्हणून नेली. ओढ्यातल्या मधल्या मोठ्या दगडावर त्या काळ्या गाडीचं पोट टेकलं आणि चारी चाकं अधांतरी फिरत राहिली. वस्तीवरून बैल आणून ओढावी लागली. शफीकभाई रात्री आमच्याकडं येऊन ह्यांच्यापुढं डोकं धरून बसले. दादा मात्र जेवायला बसला आणि पोटभर जेवला. वहिनी गेल्यापासून तो अर्ध्या भाकरीवर उठायचा. त्या रात्री त्यानं वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

"दादा, गाडी अडकली तरी तुला आनंद?" मी थट्टेनं म्हणाले.

"म्हणलं व्हतं ना मी," एवढंच तो बोलला.

संक्रांतीनंतर दुसरी नेली, जुनी लांब जीप, मागच्याच चाकांवर चालणारी. ती ओढा पार झाली, पण मुरमावर चाकं नुसती गरगर फिरली, दगड मागं उडाले आणि ती घसरत खाली आली. दादा परत तसाच, शांत. येताना बाजारातून माझ्यासाठी बोरं घेऊन आला. आमचे हे म्हणाले, "बद्रीनाथराव, तुम्ही गाड्या विकत घ्यायला निघालात की नापास करायला?" सगळे हसले, दादाही ओठांच्या कडेनं हसला.

तेव्हा मी सहज विचारलं, "अरे, एवढं करण्यापेक्षा सांडूचीच जीप वर नेऊन बघ की. घरचा माणूस आहे."

बोरं निवडणारा त्याचा हात थांबला.

"त्याला सवाऱ्या असत्यात," तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला. तुळशीपाशी बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, वहिनीची आठवण आली असेल.

चैत्रात शफीकभाईंना हवी तशी गाडी मिळाली. छोटी, कापडी टपाची जिप्सी. पत्रा ठिकठिकाणी ठोकलेला, पण खालचं अंग धडधाकट. चारी चाकं ओढणारी. ती खिंड चढून वस्तीवर गेली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. शफीकभाईंनी परत फाट्यावर येताच ह्यांना फोन केला, "मुबारक हो!" आम्ही इकडं देवापुढं साखर ठेवली.

दादा मात्र पडलेल्या चेहऱ्यानं आला.

"कोरड्यात काय, गाढव पण चढतंय," तो म्हणाला. "त्या दिवशी चिखल व्हता. आषाढ येऊ द्या. आषाढात चढली तर खरी."

शफीकभाईंनी हात जोडले. "बद्रीभाई, माझ्या सासऱ्यांनी पण मला एवढं पारखलं नव्हतं." पण त्यांनी ती गाडी विकली नाही, झाकून ठेवली.

आषाढात मीही गेले. मागच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन. दोन दिवस झड लागलेली, ओढ्याला गुडघाभर गढूळ पाणी. फाट्यापाशी शफीकभाईंनी उतरून चारी टायरमधली थोडी हवा सोडली. "पाय पसरून बसते मग गाडी, चिखल धरते," मला म्हणाले. दादा पुढं बसला होता. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं नामस्मरण करतोय. मीही सुरू केलं. आम्ही दोघं देवाकडं वेगवेगळं मागत होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

गाडी चढली. काही झालंच नाही, हीच गोष्ट सांगायची. शफीकभाईंनी लो गिअर टाकला, पाय जवळजवळ काढूनच घेतला आणि ती गाभण गाईसारखी हळूहळू, प्रत्येक दगडावर पाय देत वर गेली. ओढा, मुरूम, खिंड. म्हसोबापाशी दादा म्हणाला, "थांबवा."

तो उतरला. मागं चालत गेला आणि चिखलात उमटलेल्या चाकांच्या नक्षीकडं बघत राहिला.

"अब तो मानोगे?" शफीकभाई आतून ओरडले.

दादानं विचारलं, "शफीकभाई, जुनी मिल्ट्रीची जीप असती ना, आखूड, चारी चाकांची. ती चढली असती का ह्याच्यातून?"

शफीकभाई मनापासून हसले. त्या बिचाऱ्याला काय माहीत! "वो? अरे बद्रीभाई, वो तो इसकी माँ है. नींद में चढेगी."

सांडूची जीप तीच. जुनी, मिल्ट्रीच्या लिलावातली, आखूड, चारी चाकांची.

दादा म्हसोबाच्या दगडाला टेकून चिखलातच बसला. मी डबा टाकून पळाले. मला वाटलं, त्यालाही कळ आली.

"दादा, काय होतंय रे?"

"वच्छे, सांडू म्हणाला व्हता. हात धरला व्हता त्यानं माझा. म्हणाला, बद्री, बस, वर चढवतो. मी म्हणलं, आज अवस हाय. म्हसोबाच्या पुढं चाक नाय नेत. तू हितंच थांब, आम्ही बाजेवर आणतो."

पाऊस त्याच्या तोंडावरून ओघळत होता, तो पुसत नव्हता.

"ती बाजेवर मला म्हणत व्हती, दगडावर आदळू नका, लई दुखतंय. मला चढणारी गाडी नको व्हती गं. एकसुद्धा चढायला नको व्हती."

मी आयुष्यभर देवाचं करत आले. कुणी रडलं की देवाची इच्छा म्हणायची मला सवय. त्या दिवशी देवालाच चाक नको होतं म्हणावं, तर तो माझा देव राहत नव्हता. त्याला चालत होतं म्हणावं, तर माझा भाऊ राहत नव्हता. मी नुसता त्याच्या डोक्यावर पदर धरला. म्हसोबाचा शेंदूर ओला होऊन दादाच्या पाठीवर उतरला होता.

वस्तीवर न जाता आम्ही परत खाली उतरलो. फाट्यावर टपरीत सांडू चहा पीत होता. दादा सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"सांडू, खरं सांग. तुझी जीप त्या दिवशी चढली असती?"

सांडूनं आमची चिखलानं माखलेली गाडी पाहिली. मला पाहिलं. दादाच्या तोंडाकडं पाहिलं. मग बशीतला चहा फुंकत म्हणाला, "नाय बा. पुढची चाकं मेलेली व्हती तवा. मागच्याच दोनावर रेटत व्हतो. वढ्यातच बसली असती."

"मग चढवतो कसा म्हणालास?"

"म्हणायला काय जातंय? मला फुशारकी मारायची खोड हाय, तुला ठावं नाय व्हय? शाळेत पण म्हणायचो, विहिरीत वरून उडी मारतो. मारली का कधी?"

शफीकभाई सांडूच्या जीपभोवती फिरून खाली वाकून बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी नुसती मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं.

"व्हय का," दादा म्हणाला. मग सांडूच्या शेजारी बाकड्यावर बसला आणि वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. सांडू एका हातात बशी तशीच धरून दुसऱ्या हातानं त्याची पाठ चोळत राहिला. सांडूचं बोलणं दादाला पटलं का, मी त्याला कधी विचारलं नाही. पुलाजवळच्या चिखलात चारी चाकं लागलेली मी वहिनी गेली त्याच संध्याकाळी अंगानं अनुभवली होती. खोटं बोलणाऱ्यासाठी मी देवापुढं दिवा लावला तो त्या एकाच दिवशी.

दादानं ती जिप्सी घेतली. शफीकभाई वस्तीवर राहून त्याला चालवायला शिकवून आले. वस्तीवर कुणाला बरं नसलं की तोच नेतो. पण लोकांना खुपतं ते दुसरंच. दर अवसेला सकाळी अंघोळ करून तो गाडी काढतो, म्हसोबाला नारळ फोडतो आणि खिंडीतून फाट्यापर्यंत जाऊन रिकामा परत येतो. काही म्हातारे त्याच्याशी बोलेनासे झाले. माझ्याकडंही तक्रार आली. मी म्हटलं, तो आणि म्हसोबा बघून घेतील.

परवाच्या अवसेला मी माहेरी होते. गाडीत चढायला गेले तर मागच्या बाकावर वहिनीची गोधडी अंथरलेली.

"मागं बसू का, दादा?"

"पुढं बस. मागं मोकळं राहू दे."

तो इतकं हळू चालवत होता की शेजारून पायी जाणारी बाई आमच्या पुढं निघून गेली. प्रत्येक दगडापाशी गाडी थांबायची, एकेक चाक अलगद खाली उतरायचं.

"एवढं हळू का रे? रिकामी तर आहे गाडी."

"आदळंल," तो म्हणाला.

मी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि फाटा येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.