मायचा सीटी स्कॅन आणि माझं शहाणपण

माझ्या मायचं रक्त पोटात कुठंतरी गळत होतं आणि ते नेमकं कुठं, हे कुणालाच सापडत नव्हतं. वरून दुर्बीण घातली, काही नाही. खालून घातली, तरी काही नाही! माय दिवसेंदिवस पांढरीफटक पडत चालली होती आणि धारूरच्या आमच्या किराणा दुकानात बसून मी साखरेऐवजी मीठ तोलत होतो. लई भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू?

शेवटी बीडला आतड्याचा सीटी स्कॅन ठरला. दीड लिटर गोडमट पाणी माय मुकाट्यानं प्याली. मग स्कॅनवाला म्हणाला, "आजी, अंगावरचं धातूचं सगळं काढा."

मायनं पाटल्या दिल्या, कानातलं दिलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीवर मात्र हात ठेवला. आम्ही लिंगायत. त्या डबीत इष्टलिंग असतं; ते बेंबीखाली जाऊ द्यायचं नसतं आणि अंगावेगळं करायचं नसतं (मेल्यावरही नाही, सोबतच जातं).

"न्हाई काढायची!"

"आजी, फोटो खराब येईल."

"येऊ दे! कावून काढू? सोयरिकीला दाखवायचाय व्हय त्यो फोटू?"

इथं माझ्या डोक्यात किडा वळवळला (तो वळवळला की माझी बायको देव पाण्यात घालते). मायला आडोशाला नेऊन मी डबी फडक्यात गुंडाळली आणि दवाखान्याच्या झग्याखाली तिच्या पोटाला बांधली.

"बेंबीच्या खाली गेली तर बघ!" मायनं दम भरला.

मी तिच्या चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि छातीठोक सांगितलं, "काढली!"

पहिलाच फोटो आला आणि स्कॅनवाला खुर्चीतून उठला. पोटाच्या मधोमध पांढराशुभ्र गोळा! त्यानं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तर खूशच झाले. "सापडलं! आजींनी काहीतरी गिळलंय. ऑपरेशनची तयारी करा!" त्यांनी माझ्याकडं पाहिलं तर मी चक्क मान डोलावली!

आतून माय गरजली, "गिळलं न्हाई, बांधलंय! म्या तोंडावर न्हाई म्हनलं हुतं. लपवायचं शानपन ह्या दिवट्याचं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, विचारायचं तरी! स्कॅनला हात डोक्याच्या वरच घ्यायचे असतात. आजी, डबी मुठीत धरा आणि हात वर करा."

झालं! मायनं डबी मुठीत धरली, हात वर केले आणि काही मिनिटांत काम फत्ते.

रिपोर्टमध्ये लहान आतड्याला सूज आणि जखमा निघाल्या. रोग सापडला म्हणून माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"घेते की, आपल्याच दुकानातल्या. गुडघ्यासाठी. येक सकाळी, येक सांजच्याला. दोन वर्सं झाली."

"त्याच गोळ्यांनी आतडं सोललंय! आजपासून बंद. दिल्या कुणी?"

मायनं नुसतं दाराकडं बोट केलं. वरून दुर्बीण, खालून दुर्बीण, वर सीटी स्कॅन! आणि मायचं रक्त काढणारा बहाद्दर तिच्या चपला हातात घेऊन दारातच उभा होता!