माझा गुरुवार आणि उघडी गाडी

ही गाडी घेण्यात माझाही हात आहे, हे आधी लिहून टाकते. मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

नवरा विजेच्या खात्यातून निवृत्त झाला आणि महिनाभर मोबाइलवर जुन्या गाड्या बघत बसला. मला वाटलं, साधी चार दारांची घेईल. एका सकाळी चहा पिताना त्यानं मला आणि मुलीला फोटो दाखवला. निळी, बुटकी, वर छत नसलेली गाडी. म्हणजे छत होतं, पण बटण दाबलं की ते घडी होऊन मागे डिकीत जायचं. इंजिन इतकं जोराचं की पाय ठेवला की शंभरावर जाते, असं तो सांगत होता.

"बाबा, ही काय घरच्याइची गाडी हाय?" मुलगी म्हणाली. ती बारावीला आहे, बापाला उलट बोलायला तिला भीती वाटत नाही.

"चार सीटा हायेत. आपुन तिघं. घरचीच झाली ना मंग! जनमभर खांबावर चढून लोकाइचे दिवे लावले. आता जराशी मजा करू दे ना बापा."

गाडी अकोल्याला जठारपेठेत एका डॉक्टरांकडे होती. आम्ही तिघं बघायला गेलो. नवऱ्यानं ती तासभर तपासली. छत तीनदा उघडून बंद करायला लावलं, मोटरचा आवाज कान लावून ऐकला, छताच्या शिवणीवर बादलीनं पाणी ओतून आत ठिबकतं का ते पाहिलं, गंज शोधायला पाठीवर झोपून खाली शिरला. सगळं झाल्यावर मला म्हणाला, "तू मांगं बसून पाह्य. तुले जमलं तं घेतो, नाई तं नाई."

दारं दोनच. पुढची सीट वाकवायची आणि त्या फटीतून मागे शिरायचं. मी शिरले. गुडघे छातीशी आले. पुढच्यानं सीट वाकवली तरच बाहेर पडता येईल, हे मला तेव्हाच कळलं. पण डॉक्टर, त्यांची बायको, माझी मुलगी, सगळे वरून माझ्याकडे बघत होते. परक्या माणसांसमोर माझा आवाज निघत नाही, लहानपणापासूनच.

"बरोबर बसता येते ना?" नवऱ्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. एवढ्यावर गाडी आमची झाली.

आता गुरुवारचं लिहिते. मोठी बहीण अकोल्याला एकटी राहते. तिचे गुडघे गेले आहेत. पाच वर्षांपासून दर गुरुवारी मी अमरावतीहून एसटीनं तिच्याकडे जाते, तिची कामं करते, पायाला तेल लावते आणि संध्याकाळी परत येते. चौथीत माझी शाळा सुटली. तेव्हापासून कुठंही जायचं तर सोबत बाप नाही तर भाऊ, लग्नानंतर नवरा. बसची पाटी स्वतः वाचून एकटीनं चढले तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. खिडकीजवळ बसायचं, तोंडाला रुमाल बांधायचा. मग अडीच तास मी कुणाची कुणी नसायचे. कोणी पाणी मागत नाही, कोणी हाक मारत नाही. बडनेरा मागे पडलं की दोन्ही बाजूंनी तूर आणि कपाशी. मूर्तिजापूरला बस थांबली की मी खाली उतरून एकटी चहा प्यायचे. हे घरी कधी सांगितलं नाही. बहिणीवर माझा जीव आहे, पण खरं लिहायचं तर मी त्या रस्त्यासाठी जात होते.

गाडी आली त्याच दिवशी नवरा म्हणाला, "आता यष्टीचे धक्के कायले खाते? दर गुरुवारी मीच नेतो तुले."

गाडी दारात लागली तशी समोरची बाई ओल्या हातानं धावत आली. "पोरीचं जमलं काय वो? सांगतलं बी नाई आमाले!" आमच्याकडे उघडी गाडी म्हणजे वरातीचीच. त्या आठवड्यात तीन घरांतून नवरदेवासाठी मागणी आली. नवरा प्रत्येकाला सांगायचा, "घरच्यासाठी घेतली हो, भाड्याची नाई." कोणाला ते पटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्या होत्या म्हणून मुलगीही यायची. मागे बसली की तिला मळमळतं, म्हणून ती पुढे आणि मी मागे. छत उघडं. एक हात डोक्यावरच्या पदरावर, दुसरा गुडघ्याखाली खोचलेल्या निऱ्यांवर. नवरा आरशातून बघून ओरडायचा, "मजा येते का?" वाऱ्यात माझं उत्तर त्याला ऐकू जात नव्हतं, म्हणून मी मान हलवायचे.

पहिल्याच गुरुवारी मूर्तिजापूरजवळ रस्ता तुंबला. शेजारी एसटी येऊन उभी राहिली. तिच्या खिडक्यांतून बाया सरळ आमच्या गाडीत बघत होत्या.

"नवरी कोनती हाय वं यातली?"

"मांगची असन."

"थे? अवं माय, तिच्या तं नातवाचं लगन असन!"

अख्खी बस हसली. मुलगीही हसली. नवऱ्यानं तर त्यांना हात केला. मला तोंड वळवायला भिंत नव्हती, उतरायला दार नव्हतं. तिसऱ्या खिडकीत एक बाई गजाला गाल टेकून झोपली होती. ती तेवढी हसली नाही. मी तिच्याकडेच बघत राहिले.

असे तीन गुरुवार गेले. तिसऱ्या वेळी नवरा आणि मुलगी बाजारात गेले असताना तेल लावून घेता घेता बहीण म्हणाली, "तोंड काहून उतरलं तुहं?" मी सगळं सांगितलं. चहाचंसुद्धा.

"मंग सांग ना त्याले. का म्या सांगू? म्या म्हनीन का वाऱ्यानं तिचे कान दुखते."

"कान नाई दुखत," मी म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्यानं माझ्यासाठी सीट वाकवली. मी उभीच राहिले.

"मी यष्टीनं येतो," मी म्हटलं.

"काहून? मांगं तरास होते? तं पुढं बस."

"तसं नाई. मले एकटीले यावं वाटते."

तो बहिणीकडे बघू लागला, मग मुलीकडे. "एकटीले? म्हंजे कसं?" मी पिशवी खांद्याला लावली. तो हळूच म्हणाला, "तुले विचारूनच तं घेतली ही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी ऑटोनं स्टँडवर गेले. बसमध्ये शेवटच्या बाकावर जागा मिळाली. अकोला सुटलं आणि कंडक्टर मागच्या काचेतून बघत म्हणाला, "हा कोन हाय बे? एवढी जब्बर गाडी अन् यष्टीच्या मांगं चालून राह्यला!"

निळी गाडी होती. छत उघडं, पुढे दोघं. बस थांबली की थांबायची, निघाली की निघायची. लोक उठून उठून बघत होते. "पेट्रोल संपत आलं असन." "नाई रे, त्याची सासू बसली असन आपल्या यष्टीत." मी समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत राहिले. मूर्तिजापूरला उतरले नाही.

अमरावतीच्या स्टँडवर तो उभा होता, खुशीत. "आली ना एकटी? मी तं निस्ता मांगं होतो. पुढच्या बारीले आनखी दूर ठेवीन, तुले दिसनार बी नाई."

"नका येऊ," मी म्हटलं.

तो घरी आल्यावर बराच वेळ गाडी पुसत राहिला.

पुढच्या गुरुवारी मी एकटी निघाले. गाडी दारात कापडाखाली झाकलेली होती, मी त्या कापडाला हात लावून पाहिला. तो ओट्यावर पेपर वाचत होता, त्यानं मान वर केली नाही. खिडकी मिळाली, रुमाल बांधला. बडनेऱ्याच्या आतच मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे ट्रक होता, मग दुसरा ट्रक. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोनी सुटलं काय वो मांगं?"

नाही म्हटलं आणि पुन्हा वळले. त्या दिवशी कपाशी कशी होती ते मला आठवत नाही. मान दुखायला लागली तेव्हा अकोला आलं होतं.