ओढ्यातल्या तीन गोगलगायी
माझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते. मी जळत होतो. लय जळत होतो.

सांगलीतल्या एका कॉलेजच्या संग्रहालयात मी पंचवीस वर्षं नोकरीला आहे. कपाटं, बरण्या, चिठ्ठ्या, झुरळांचा बंदोबस्त, सगळं माझ्याकडं. रविवारी गाडी काढायची आणि आटपाडीच्या बाजूला ओढ्यांच्या काठानं हिंडायचं, हा माझा नाद. काठावरच्या जुन्या, कडक झालेल्या गाळात बारक्या गोगलगायींचे शंख सापडतात, हजारो वर्षांपूर्वीचे. त्यांनी मी दोन ड्रॉवर भरले. बायको म्हणायची, "दगडं गोळा करून कुणाचं भलं झालंय?" प्राध्यापकांपैकी तर कुणी ड्रॉवर उघडूनही बघितला नाही.

मग ती आली. भूशास्त्र शिकलेली, संशोधनासाठी आमच्याकडं. जवळच्याच गावातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी. दुसऱ्याच आठवड्यात माझा ड्रॉवर उघडून म्हणाली, "काका, असल्याच गोगलगायी ओढ्यात अजून जिवंत असतील तर?" एवढं सुचायला मला इतकी वर्षं पुरली नव्हती. मी मेलेल्या शंखांत रमलो, पाण्यात कधी हात घातला नाही. विभागप्रमुख हरखून गेले. येणाऱ्याजाणाऱ्यापुढं तिचं कौतुक करायचे. शंख कुणी गोळा केले, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी चहा सांगायला होतोच.

पाच ओढ्यांत तिला जिवंत गोगलगायी मिळाल्या. एकेका ओढ्यातून तिनं तीनच घेतल्या. "घरी कळलं तर जेवायला वाढणार नाहीत," हसत म्हणाली. पण स्पिरिटमध्ये सोडताना तिचे डोळे मिटलेले होते. पाच ओढ्यांच्या पाच बरण्या, सगळ्या दिसायला सारख्या. कुठली कुठून आणली, हे फक्त आतल्या चिठ्ठीवरून कळणार. जिथं जीवाश्म सापडतो तिथं तोच जीव आजही जगतोय, हे तिला दाखवायचं होतं. तीन वर्षांची मेहनत त्या पाच चिठ्ठ्यांवर होती.

"काका, लिहायला काय आहे का ओ?"

माझ्या खिशात पेन्सिल होती आणि बॉलपेनही. स्पिरिटमध्ये पेन्सिलीचं लिहिलेलं टिकतं, बॉलपेनची शाई उतरते. आमच्या कामातला हा पहिला धडा. तिला तो माहीत नव्हता; दगडांना स्पिरिट लागत नाही. मी बॉलपेन दिलं. बरणीवर बाहेरून माझ्या अक्षरात दुसरी चिठ्ठी लावायची रीत आहे. ती मी आज लावतो, उद्या लावतो करत राहिलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर पाचही चिठ्ठ्या कोऱ्या. ती कितीतरी वेळ बरण्या उजेडाला धरून बघत होती. मला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलंही. "माझीच चूक," ती म्हणाली, "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "असू दे." काय माणूस मी!

ती पुन्हा हिंडली. चार ओढ्यांत पुन्हा मिळाल्या. आटपाडीजवळच्या पाचव्या ओढ्यावर मीच तिला गाडीवरून नेलं. तिथं खोलीकरणाचं काम होऊन गेलं होतं. जेसीबीनं तळ खरवडून मातीचे ढीग काठाला लावले होते. दिवसभर आम्ही दोघं चिखलात हात घालून चाचपत होतो. एकही मिळाली नाही.

"पण इथं होत्या, आपल्याला माहितेय की," मी म्हणालो.

"चिठ्ठी नाही तर पुरावा नाही, काका."

तिनं तेच प्रामाणिकपणे छापलं. चार ओढ्यांत जीवाश्म आणि जिवंत, दोन्ही. पाचव्यात फक्त जीवाश्म.

आता संग्रहालयात त्याचा तक्ता लागलाय. ती पुढच्या शिक्षणासाठी गेली. शाळांच्या सहली आल्या की तक्त्यापुढं उभं राहून समजावून सांगायचं काम माझ्याकडं आहे. परवा एका मुलीनं पाचव्या ओढ्यावर बोट ठेवलं.

"काका, हितल्या कवा मेल्या?"

"लय जुनी गोष्ट हाय, बाळ," मी म्हणालो. "हजारो वर्षं झाली."