गोपिकाची तीन बोटं

माझी धाकटी बहीण गोपिका पवनारला भाजीची वाडी करते. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मेथी, पालक. जुड्या तीच बांधायची. केळीच्या सोपटाची ओली पट्टी, दोन वेढे, एक गाठ. नजर गिऱ्हाइकाकडे, हात जुडीवर. मी चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली. कामाचे हात पुष्कळ पाहिले, तिच्यासारखे थोडे.

दीड वर्षापूर्वी ओल्या बांधावर तिचा पाय घसरला आणि हातातला विळा उजव्या मनगटात गेला. जखम शिवली, भरली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र बधिरच राहिली. आतली नस तुटली आहे, हे कळायला पाच महिने गेले. धरलेली पट्टी कधी सुटली ते तिला कळेना. सारखं बोटांकडे बघावं लागे. दहा जुड्यांच्या वेळात तीन होत.

नागपूरच्या एका दवाखान्यात अशा नसांवर नवा अभ्यास चालू होता. डॉक्टर आकांक्षा मॅडमनी नीट समजावलं. पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या. तुटलेल्या नसेची टोकं एका बारीक नळीनं जोडायची आणि त्या पेशी नळीत सोडायच्या. पेशींनी नसेला वाढायला मदत करावी, अशी आशा. खात्री नाही. वाढलीच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

"माह्या पोटावर चरबी आहे कुठं, मॅडम?" गोपिका म्हणाली. "माह्या जावेची घ्या. तिच्याजवळ दोघींपुरती आहे."

"तुमचीच लागते," मॅडम हसल्या. "थोडी पुरेल."

ऑपरेशन झालं. सात महिन्यांनी तपासणीला मी सोबत गेलो. गोपिकानं डोळे मिटायचे, मॅडम नायलॉनचा धागा बोटाला टेकवणार, कळलं की सांगायचं. गोपिका दर वेळी म्हणे, "लागलं." अंगठ्याला लागलं. टोकाला लागलं. एकदा मॅडमनी धागा टेकवलाच नाही, नुसता वर धरला.

"लागलं," गोपिका म्हणाली.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि महिन्याभरानं पुन्हा यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मी तिला थांबवलं. "तुले खरंच लागत होतं?"

ती पदर सावरत राहिली. "थोडंसंच, दादा. टोकाले तर काहीच नाई. पण त्या पोरीनं किती मेहनत घेतली! दर वेळी चहा पाजते. तिच्या तोंडावर नाई कसं म्हणू? लोकाच्या घरी जेवून भाजी अळणी होती म्हणतेत का कोणी?"

"मेहनत घेतली म्हणूनच खरं सांगाचं. काम झालं का नाई झालं, हे तिले कळलं पाह्यजे. चाल वापस."

"बस जाईन ना!"

"जाऊ दे."

मॅडमसमोर ती उभीच राहिली. "मॅडम, मी खोटं बोलली."

"मला कळलं होतं. मलाही वाटत होतं, तुम्ही हो म्हणावं. पण तुमच्या खोट्या 'हो'वर उद्या आम्ही दुसऱ्या कुणाच्या पोटात सुई घातली तर?"

गोपिका बसली. हात पुढे केला, डोळे मिटले. "लावा."

"नाई." "नाई." टोकांना काहीच नव्हतं. प्रत्येक 'नाई'ला तिचा आवाज खाली जाई. मॅडम धागा मागे, मुळाकडे आणत गेल्या. तर्जनीच्या मधल्या पेरावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा. इथं मुंगीवानी."

मॅडमनी धागा उचलला. "आता?"

"आता नाई."

पुन्हा टेकवला.

"आता आहे."

तिन्ही बोटांवर जिथवर कळत होतं तिथं मॅडमनी पेनानं रेघ ओढली. "कमी आहे, पण खरं आहे. टोकापर्यंत येईल का, हे आज सांगता येणार नाही." तसाच एक धागा त्यांनी आमच्याकडे दिला. रेघ पुसट झाली की तिथंच गिरवायला आणि दर रविवारी घरी तपासून लिहून ठेवायला सांगितलं.

पहिल्या रविवारी जाणीव रेघेपाशीच थांबली. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी ती चुलीपुढे बसली होती. तिथंच हात पुढे करायला लावला. तर्जनीवर जाणीव रेघ ओलांडून ज्वारीच्या दाण्याएवढी पुढे गेली होती. माझा विश्वास बसेना. मी धागा हवेत धरला.

"नाई," ती म्हणाली.

टेकवला.

"आहे."

पुन्हा हवेत धरला.

"नाई. अन् आता पुरे, दादा. भाकर करपून राह्यली."