रत्नागिरीची उजवी फेरी

वैशाखातल्या एका सकाळी आगबोटीने मला रत्नागिरीला पोचवलं. पोचवलं म्हणजे, आगबोट लांबच उभी राहिली आणि मला गाठोड्यासारखं पडावात (किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत) उतरवलं. वाटेत पोटातलं सगळं समुद्राला अर्पण झालं होतं. जिमखान्याचं घड्याळ आणि माझा रुबाब तेवढा शिल्लक होता.

कामगिरी मोठी होती. जवळच्या वाडीतला गोपाळ नावाचा तरुण फार पळतो, अशी बातमी मुंबईत आमच्या जिमखान्याच्या कमिटीकडे आली होती. मी त्याला पास केलं की जिमखान्याच्या शिफारशीने त्याला गिरणीत नोकरी, आणि नोकरी लागली की त्याचं अडलेलं लग्न.

माझे यजमान नानासाहेब वकील. कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी वाढता वाढता त्यांनी सांगितलं की मी चुकीच्या ऋतूत आलो. पावसात बाहेर पाय ठरत नाही, म्हणून वाडीतले तरुण देवळाच्या मंडपात गाभाऱ्याभोवती शर्यती लावतात. लावणी उरकली की भाद्रपदापर्यंत गोपाळ वाऱ्याला ऐकत नाही. वैशाखात मात्र आंब्याच्या पाट्या वाहून त्याच्या मांड्या भरून येतात.

पण पावसात आगबोट बंद. म्हणजे त्याचे पाय हलके असतात तेव्हा मी येऊ शकत नाही, आणि मी येतो तेव्हा ते जड झालेले असतात. आमच्या कमिटीने ही अडचण आधीच सोडवली होती. छपराखालचं धावणं हे धावणंच नव्हे, असा तिचा ठराव होता.

दुसऱ्या दिवशी कातळावर (जांभ्याच्या सपाट माळावर) मी चुन्याने मोठा गोल आखून घेतला. नियमाप्रमाणे घड्याळवाल्याची खुर्ची मधोमध, आणि धावणाऱ्याचा डावा हात खुर्चीकडे. सगळी वाडी जमली. गोपाळचा होणारा सासराही आला होता. अनवाणी, किडकिडीत गोपाळ आला, त्याने गोल पाहिला, खुर्ची पाहिली आणि तिथेच थबकला.

"सायेब, या अंगान् नाय धावाचा," तो म्हणाला.

ऊन डोक्यात गेलं होतं. मी जरा चढ्या आवाजातच कारण विचारलं. खुलासा देवळाच्या गुरवाने केला. देवाला घालायची ती उजवी फेरी. उलट्या फेऱ्या प्रेताभोवती घालतात.

"आनि मधी तुमी बसलाव," गोपाळ म्हणाला.

मी हसलो. एकटाच हसलो. मुंबईत सगळे असेच धावतात आणि मधला माणूस धडधाकट घरी जातो, हे मी परोपरीने समजावलं. खुर्ची बाहेर घ्या, असं नानासाहेब म्हणाले. पण नियम तो नियम. सांगितल्या दिशेने धावला नाहीस तर नोकरी विसर, हेही मी बजावलं. सासऱ्याने तोंड फिरवलं.

गोपाळने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमची पोराबाळा आसतील," तो म्हणाला, आणि उजव्या अंगाने सुटला.

तापल्या कातळावर, पाट्या वाहून आंबलेल्या पायांनी तो असा पळाला की घड्याळ बंद पडलं की काय, म्हणून मी ते कानाला लावून पाहिलं. हा वैशाखात असा, तर भाद्रपदात मंडपात कसा असेल, या विचाराने मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

मुंबईला परतून कमिटीपुढे सगळी हकीकत सांगितली. निकाल झाला: वेळ उत्तम, दिशा चुकीची, नापास. मग चहा येईपर्यंत सगळे हसले.

मी ठणठणीत आहे. कमिटीच्या मते त्याचा आणि गोपाळचा काही संबंध नाही. माझ्या बायकोने मात्र गोपाळला नोकरी लागावी म्हणून सोमवार धरले आहेत.